कांब कोणाच्या कानाला

(सकाळ. पंपघराबाहेर काका लोखंडी कांबेचं एक टोक कानाला लावून गळती ऐकत आहेत. शेजारी काकू. समोर कागद घेतलेल्या तपासनीस बाई.)

तपासनीस : काका, थांबा. ‘एकदम शांत’ म्हणालात, पण कांब पाईपावर नाही, दगडावर टेकलीय.

काकू : अगंबाई! घाईत झालं असेल. अहो, डावीकडे सरकवा. डावीकडे!

काका : हां, हां. आता बरोबर. एकदम शांत. गळती नाही.

तपासनीस : मघाशी दगडावरही तुम्ही हेच म्हणालात.

काकू : दगड बिचारा काय बोलणार!

तपासनीस : घाबरू नका हो, मी कोणाला पकडायला आले नाही. लोकांनी स्वतः चालवलेली पाणीयोजना कशी चालते, एवढंच बघतेय. अशा अकरा योजना बघितल्या. शंभर लिटर सोडलं की पाचच वाया, असं फक्त इथं दिसलं.

काका : काय म्हणतात त्या?

काकू : गळती कमी आहे म्हणतात.

तपासनीस : काकू, सकाळपासून माझं प्रत्येक वाक्य तुम्ही त्यांना परत सांगताय.

काकू : सवय हो. एकदा सांगून कुठला नवरा ऐकतो?

तपासनीस : तेही खरंच. बरं, एक निरोप आहे. चढावरच्या शेवटच्या घरातल्या आजी म्हणाल्या, पूर्वी नळ नुसते सुस्कारे टाकायचा, आता भांडं भरून वाहतं. पहिलं भांडं भरताना त्या रोज काकांना दुवा देतात.

काकू : अहो, चढावरच्या आजी तुम्हाला दुवा देतात म्हणे. रोज!

काका : मला? ... नाही, बास झालं आता. ताई, लिहून घ्या. मला दीड वर्षापासून ऐकू येत नाही.

काकू : अहो! काय बोलताय! पंपघराची किल्ली काढून घेतील!

काका : घेऊ देत. हिचे तेवढे ओठ वाचता येतात मला. ताई, पहाटे कांब ही लावते कानाला. जिथं बोट दाखवेल तिथं मी खणतो. एकदाही बोट चुकलं नाही. काम हिचं आणि दुवा मला? पचत नाही हो.

तपासनीस : गावच्या पाणी समितीला माहीत आहे?

काकू : नाही. एकवीस वर्षं गावाला पाणी हेच सोडतायत. घरी बसवलं तर झुरतील, म्हणून मीच गप्प राहिले. दोष माझा लिहा.

तपासनीस : दोषाला माझ्याकडे रकानाच नाही. गळती वेळेवर सापडते का? सापडते. दुरुस्त होते? होते. कर्मचारी किती? इथं एक लिहिलंय, ते चुकलंय. दोन करते. समितीला कानाचंही सांगते आणि गळतीचा आकडाही. त्यावर तुम्हाला घरी बसवेल असा कोण शहाणा आहे, बघूच.

काका : काय लिहिलं?

काकू : कर्मचारी दोन लिहिलं. तुम्ही... आणि मी.

काका : मी आधी का? हिचं नाव वर घ्या, ताई.

तपासनीस : घेतलं. आणि आजींना काय सांगू? दुवा अर्धा अर्धा करायला?

काका : काय?

काकू : आजींचा दुवा अर्धा अर्धा करायचा का, विचारतात.

काका : अर्धा कशाला? सगळा हिला.

तपासनीस : सांगते. येते मी. तुम्हा दोघांचे आभार, आजचा दिवस सार्थकी लागला.

काका : ... गेल्या का गं त्या? मग ऐक. तुझ्यामुळे तरलो मी. फार उपकार आहेत तुझे माझ्यावर.

काकू : ऐकू नाही आलं. परत एकदा म्हणा.