पेटी रिकामी कशी पाठवायची?

हॅलो? … हॅलो! वन्सं का? … मी मथुरा बोलत्येय, रत्नागिरीहून. सकाळपासून ट्रंक कॉल लावून बसल्येय, लागला एकदाचा!

… हो, आंबे गोड निघाले, कळलं. … सगळ्या चाळीने खाल्ले? वा! आता पेट्यांचं बोला. रघूच्या पेट्या! भरून गेल्या सगळ्या, परत एक नाही आली.

… छान आहेत, माहीत आहे हो. खिळा नाही, बिजागऱ्यांवर घडी होते, रिकामी झाली की पाटासारखी चपटी. डिझाइनच्या कॉलेजात हेच शिकलाय ना तुमचा लेक? "मामी, दरसाल झाडं तोडून खोके करायचे नि मुंबईच्या उकिरड्यावर टाकायचे, हे बंद. माझी पेटी परत येते!" परत येते म्हणे. पाय लावायला तेवढा विसरला.

… काय? … रिकामी कशी पाठवायची?

… हो, हो… अहो ऐका ना. माहेरचं भांडं रिकामं परत करू नये, ठाऊक आहे मला. पण ती पेटी आहे, वाटी नव्हे! … शेजारच्या सगुणाबाईसुद्धा काहीतरी घालूनच देणार? काय घालणार? … लोकरीचा स्वेटर. रत्नागिरीत. वैशाखात. फार उपयोगी. … आणि तुम्ही? … बेसनाचे लाडू. कधी? … दिवाळीला! बरं, आंब्यांना सांगते, तोवर पिकू नका.

… नाही हो, रागावले नाही. पण भरली की घडी कशी होणार तिची? चपटी म्हणून तर लॉरीवाला येताना फुकट आणणार होता! एवढा विचार केला पोराने, फक्त आईला विचारलं नाही.

… हा आवाज? … सुतार नव्हे, आपला गडी विठू. कुऱ्हाड घेऊन चढलाय. … कशावर म्हणजे? परसातल्या रायवळ आंब्यावर. … हो, तोच, तुमच्या झोपाळ्याचा. … मग काय करतील तुमचे भाऊ? उतरवलेले आंबे पडवीत पिवळे व्हायला लागले. खोके हवेत, खोक्यांना फळ्या हव्यात. … अडवलं हो मी! भांडले, जेवले नाही. माझी पोरं वाढली त्या झाडाखाली, मला का बरं वाटतंय?

… हो ऑपरेटरबाई, वाढवा! वाढवा कॉल!

वन्सं, लॉरी आज संध्याकाळी निघत्येय तिकडून. चढवा पेट्या. … शकुन? चिमूटभर साखर टाका, झटका नि घडी करा. देवाला पोचलं. … लोक काय म्हणतील? कोण लोक? पेट्या माझ्याकडे येणार. मी काही म्हणत नाही!

… ऐकलंत? … फांदी पडली. पहिली. … वन्सं? … रडताय? ट्रंक कॉलवर रडतं का कोणी, मिनिटाला पैसे पडतात! … रडू नका हो. बुंधा आहे अजून. पाठवता का सांगा. … रिकाम्या? … वन्सं? … हॅलो? हॅलो!

… गेली मेली लाइन, हो-नाही कळायच्या आधीच.

अहो! विठूला म्हणावं, उतर खाली! … हो, झालं बोलणं. … हो म्हणाल्या. … रिकाम्याच. आजच्याच गाडीने. … मग! त्यांच्या तोंडून ऐकलं मी. … उतरतोय का तो? आधी कुऱ्हाड घ्या त्याच्या हातातली.