डोक्याला हात लावायचा न्हाई

आता तुमीच सांगा, डोकं माझं, केस माझे, मागले काढून म्होरं लावले तेबी माझेच, दुसऱ्याच्या बांधावरची एक काडी आनली न्हाई... मग त्यापायी गावानं आमच्या आप्पाला कावून मारावं? जित्त्या मानसाला! आन मारलं ते मारलं, वर पिठलं-भाकरी घेऊन दारात उभं ऱ्हायचं, आन माझे तर डोळेच उघडत नव्हते. हसू नका. तुमाला सांगतो, शिस्तीत सांगतो.

मी पंडित. दूध सोसायटीचा सेक्रेटरी. आमची वस्ती शेतात, गावापासून दीड कोसावर, आन गाव नांदूरघाटाच्या अलीकडं. वस्तीवर मी, सत्यभामा, म्हंजी मालकीन, आन आमचे वडील रामकिसनआप्पा. आप्पाचं वय शहात्तर, आन डोक्यावर पांढरंशुभ्र रान, कंगवा मोडतोय. आन मी छत्तीस, आन टाळूवर माळ. एक कुसळ न्हाई. बरं, ते चाललं असतं, पन औंदा दुष्काळाची पाहनी करायला तालुक्याचे एक सायब आले, दूध कावून घटलं इचारायला, आन आप्पाला म्हनतात, हे तुमचे धाकटे भाऊ का? आप्पा काय म्हनावेत? धाकटा हाय, पन लई न्हाई. दोन दिवस हसत होते हो बाबा. मी रात्री सत्यभामाला म्हनलं, बस्स. आता केस.

चूक माझी एकच झाली. केस लावायला पुण्याला चाललो असं गावात सांगायची लाज वाटली. पानी टँकरनं येतंय आठ दिसातून एकदा, जनावरं छावनीला, आन सेक्रेटरी केस लावायला चाललाय... चेअरमन सुंदररावानं फळ्यावर लिहून काढलं असतं. म्हनून म्या सांगितलं, आप्पाच्या छातीचे रिपोर्ट मोठ्या डाक्टरला दाखवायला चाललो. तोंड जरा पाडून सांगितलं. तेवढंच नडलं.

पुण्याच्या डाक्टरनं आधी सगळं डोस्कं भादरलं. मग मागून एकेक केस उपटून म्होरं लावला, आठ तास, लागनच म्हना की. आन निघताना हातात कागद दिला, दोनी बाजूनं भरलेला. अर्ध्या अर्ध्या घंट्याला पान्याचा फवारा मारायचा. उतानं झोपायचं, डोकं वर करून. वाकायचं न्हाई. उन्हात जायचं न्हाई. घाम येऊ द्यायचा न्हाई. टोपी न्हाई, रुमाल न्हाई. आन सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात, तीन रेघा मारून, डोक्याला हात लावायचा न्हाई. घाम येऊ द्यायचा न्हाई! आवो, एप्रिल महिना, बीड जिल्हा. मी डाक्टरला म्हनलं, सायब, आमच्याकडं सावलीलाबी घाम येतो. ते म्हनले, पंख्याखाली बसा. म्हनलं, आन लाईट?

आन तिसऱ्या दिशी काय होतं म्हाइतेय? डोक्यावरली सूज खाली उतरती. कपाळावरून डोळ्यात. डाक्टरनं सांगितलं होतं, घाबरायचं न्हाई म्हनून. पन बायनाबाईला कुनी सांगितलं होतं? बायनाबाई म्हंजी आप्पाची मानलेली बहीन, राखी बांधती त्यांना. मी फाट्यावर जीपमधून उतरलो, डोस्कं भादरलेलं, डोळे सुजून बटाटे झालेले, तोंड पडलेलं, आन बायनाबाई समोर. तिनं एकदा माझ्या डोक्याकडं बघितलं, एकदा डोळ्याकडं बघितलं, आन आठ दिस आप्पा गावात दिसले नव्हते, मोसंबीला बाटलीनं पानी घालत मळ्यातच होते... तिनं हंबरडा फोडला. मी म्हनलं आत्या, तसं न्हाई. ती म्हनली गप बाळा, रडू नको, माझा रामकिसन गेला. आन मिठीच मारायला आली. मी मागं सरलो. कावून? डोक्याला हात लावायचा न्हाई!

ऊन उतरेस्तोवर फाट्यावरच सावलीला थांबलो, आन मी वस्तीवर पोचलो तवा आप्पा लिंबाखाली चहा पीत होते. माझं डोस्कं बघितलं आन कपबशी खाली ठिवली. आन मी कायी सांगायच्या आत, मागून बायनाबाई, तिच्यामागं बारा बाया, पदर डोळ्याला, आन डोक्यावर टोपल्यात पिठलं-भाकरी. मयताच्या घरी चूल पेटवत न्हाईत ना, शेजाऱ्यांनी आनायचं असतं. आप्पानं इचारलं, बायना, कोन गेलं गं? बायनाबाई म्हनली, तू. आन म्हनल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिकडं सोसायटीत सुंदररावानं तवर फॅटच्या रेटचा फळा पुसून लिहिलंबी होतं, कै. रामकिसनआप्पा यांना भावपूर्ण श्रद्धांजली, संध्याकाळचं दूध अर्धा तास उशिरा.

बाया परत गेल्या, पिठलं ठिवून. आता दुष्काळात अन्न टाकायचं कसं? आप्पा बसले, शांतपने दीड भाकर खाल्ली, सोताच्या मरनाची, आन हात धुऊन मला म्हनले,

"देवाला केस दिले असते तर म्या एक शब्द बोललो नसतो. तू डाक्टरला दिलेस. बाप जित्ता असताना डोस्कं भादरून येतोस... आता केस येईस्तोवर माझ्याशी बोलायचं न्हाई."

आन उठून मळ्यात गेले. तुमाला सांगतो, आई गेल्यापासनं म्या बापाशिवाय एक जेवन केलं न्हाई. कागदावर सगळं लिहिलं होतं हो, खपल्या कवा पडतील, साबन कुठला, बाप बोलायचा बंद झाला तर काय करायचं ते तेवढं न्हवतं.

मग सुरू झाला आमचा वनवास. सकाळी सोसायटीत. दूध मापायला क्यानमधी वाकावं लागतं, आन वाकायचं तर न्हाई, मग मी पाठ ताठ ठिवून बैठका मारायचो, एका क्यानला एक बैठक. मानसं दूध घालायचं इसरून बघत उभी. अर्धा घंटा झाला की बाटली काढायची, डोक्यावर फुस्स फुस्स. सुंदरराव म्हनला, बे पंडित, डोक्यावर तुषार बसवलंस, अनुदान किती मिळालं? घरी सत्यभामा. टँकरच्या पान्यातून एक कळशी माझ्या डोक्याच्या नावानं बाजूला काढायची, उकळायची, फडक्यानं गाळायची, आन मला म्हनायची, म्हशीला न्हाई मिळत एवढं तुमच्या टकलाला मिळतंय. खरंच बोलत होती.

आप्पाची माफी मागायची म्हनलं, तर आमच्यात माफी म्हंजी पायावर डोकं. आन वाकायचं न्हाई! मी जाऊन त्यांच्या म्होरं ताठ उभा ऱ्हायचो, खांबावानी. त्यांना वाटायचं, माज आलाय. ते तोंड फिरवायचे, मोसंबीला पानी घालायला जायचे.

आठवा दिवस असल. दुपारी लिंबाखाली पेंडीच्या पोत्याला टेकून पडलो होतो, डोकं वर, कागदाप्रमानं. डोळा लागला. आन डोक्यावर गार थेंब... हलकेच. मला वाटलं सत्यभामा. बारीक डोळा किलकिला केला, तर आप्पा. हातात माझी बाटली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आन एकेका मुळीला असं फवारत होते जसं मोसंबीच्या कलमाला. दुसऱ्या हातानं पेपराची सावली धरलेली. म्या डोळे मिटले. घट्ट मिटले. उघडले असते तर ते बाटली टाकून गेले असते, आन मला ते जायला नको होते. लई बरं वाटलं हो मला तवा, रडायलाच आलं.

अकराव्या दिशी डाक्टरनं फोनवर सांगितलं, आता वाकलात तरी चालतंय. मी फोन ठिवला, मळ्यात गेलो, आन आप्पाच्या पायावर डोकं ठिवलं. त्यांनी आशीर्वादाला हात उचलला... आन तसाच माघारी घेतला.

म्हनले, "डोक्याला हात लावायचा न्हाई म्हनलाय ना तो."

म्हंजी कागद त्यांनी वाचला होता. अक्षर अक्षर लावून, दोनी बाजूनं वाचला होता. तिथं आमचं बोलनं सुरू झालं. केस यायच्या आधीच.

आन बरं का, चौथ्या आठवड्यात सगळे केस गळाले! लावलेले सगळे, उशीवर, ताटात, दुधाच्या वहीत. कागदावर होतं, गळतील, घाबरू नका, चार महिन्यांनी येतील. पन मी घाबरलो. आप्पानं ते केस तळहातावर घेऊन उन्हाला धरून बघितले आन म्हनले, कलम केल्यावर जुनी पानं गळत्यातच, मुळी धरली असली म्हंजी झालं. मग उठले, पायात वहाना घातल्या आन माळावरल्या देवीकडं गेले. भर उन्हात, एकटेच. मला वाटलं, पोराचं बघवलं न्हाई म्हाताऱ्याला. म्या कायी इचारलं न्हाई. इचारायला पायजे होतं.

आता पाच महिने झाले. हे बघा, म्होरं बोटभर आलंय. खोटं न्हाई, बघा की, हात लावून बघा, आता चालतंय. परवा आप्पानं मला लिंबाखाली बोलावलं, जवळ बसवलं, आन डोक्यावर हात ठिवला. पाच महिन्यानी. लई येळ ठिवला. केसातून बोटं फिरवली, म्हनले, धरली लागन. आन त्याच दमात म्हनतात,

"चल, आता मंगळवारी देवीला केस देऊन येऊ."

म्हनलं, कावून? तर म्हनतात, गळाले त्या दिशी नवस बोललोय, पोराचं डोस्कं भरू दे, पयलं पीक तुझं. त्रिंबक न्हाव्याला सांगून आलोय, वस्तरा घेऊन येतोय. म्या म्हनलं, आप्पा, बाप जित्ता असताना? म्हनतात, देवाला दिले तर चालतंय, म्या तवाच सांगितलं होतं. म्या पुण्याला फोन लावला, म्हनलं डाक्टर तरी नको म्हनंल. डाक्टर आधी लई हसला, मग म्हनला, खुशाल द्या, मुळी पक्की हाय, परत येतंय. झालं! त्या कागदावर सगळ्याला न्हाई होतं, आन ह्यालाच तेवढं हो.

मंगळवारी चाललोय. काय करता? फक्त एक केलं. सकाळीच बायनाबाईच्या घरी जाऊन सांगून आलो, की आत्या, मंगळवारी सांजच्याला मी भादरलेल्या डोस्क्यानं फाट्यावरून येईन, आप्पा संगट असतील, जित्ते असतील, पिठलं करू नका.