चार हातांचं गाणं

टाळकरी मंडळी, टाळ जरा खाली ठेवा! मृदंगवाले, तुम्हीही दोन श्वास घ्या. मंडळी, एक प्रश्न विचारतो. देवाचं गाणं येतं कुठून? — तिकडून कुणी म्हणालं, पोथीतून. छान! कुणी म्हणालं, आकाशातून. अहो, आकाशातून मी गारा पडताना पाहिल्यात. गाणं पडताना अजून नाही पाहिलं! आणि आता दुसरा प्रश्न, जरा टोचणारा. देवासमोर गायचं ते गोडगोडच असावं, की गावात जे जे आहे ते सगळं त्यात यावं? थांबा, थांबा — घाईनं माना डोलवू नका. आधी ऐका, मग डोलवा.

खैरखेड नावाचं गाव. गावाची देवी खैराई. आणि त्या गावात ताराऊ नावाची एक कासारीण. वय साठीचं, तोंडात सुपारी, डोक्यावर बांगड्यांची पाटी, आणि जिभेला हाड नाही. खैराईला दरवर्षी पंचमीच्या उत्सवात लाखेचा चुडा भरायचा, हा मान तिच्या घराण्याचा. सासूच्या सासूपासून चालत आलेला! आणि त्या गावची रीत अशी, की चुडा भरता भरता कासारणीनं नवं गाणं म्हणायचं. दरवर्षी नवं! जुनं म्हटलं तर देवी ऐकत नाही, अशी गावाची समजूत.

आता मला सांगा, अक्षर न येणारी बाई दरवर्षी नवं गाणं आणणार कुठून?

हातातून आणायची! मंडळी, गावातल्या कुठल्याही बाईचा हात हातात घेऊन बसायचा परवाना कासारणीला असतो. नवऱ्याला नसेल एवढा! — हसू नका, खरं आहे ते. ताराऊ हात घ्यायची, दाबून मऊ करायची, आणि बघायची. कुणाच्या बोटांना तव्याचे चटके, कुणाच्या तळव्याला विळ्याचा घट्टा. हात दाबला की बाई बोलायला लागते. सासूचं सांगते, माहेरचं सांगते, जे आईलाही सांगितलं नाही ते सांगते. ताराऊ ऐकायची आणि गुणगुणायची. डझनातली शेवटची बांगडी चढेपर्यंत ओळ जमली तर जमली, नाहीतर सोडून द्यायची. एका वर्षी तिनं पिठाच्या गिरणीतल्या रांगेवर गाणं केलं, एका वर्षी एसटीची वाट बघणाऱ्या बाळंतिणीवर. खैराईनं दोन्ही ऐकली. तक्रार आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

त्या वर्षी ताराऊ पाटी घेऊन देवळासमोरच्या विहिरीपाशी बसायची. रोज सकाळी तिला एक बाई दिसायची. अनसूया. वय चोवीस-पंचवीस, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. देवीच्या स्नानाचं पाणी हीच शेंदायची. बारा घागरी! पण घागर गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ठेवायची आणि मागे फिरायची. आत पाऊल नाही. एकदा ती ताराऊच्या पाटीपाशी आली. बसली. हात पुढे केला आणि झटकन पदराखाली घेतला.

"बघते नुसतं," म्हणाली.

ताराऊनं त्या दिवशी पाटी लवकर उचलली. आयुष्यात पहिल्यांदा! घरी गेली, चुलीपाशी बसून रडली. आणि संध्याकाळपर्यंत गाणं तयार होतं.

चार हातांचं गाणं. पहिला हात भाकरी थापणारीचा. दुसरा ऊस तोडणारीचा. तिसरा शाळेतल्या बाईंचा, खडूनं पांढरा झालेला. आणि चौथा —

चौथा हात रिता बाई, तुझं पाणी रोज शेंदी,
चुडा नाही म्हणून का गं, उंबऱ्याशी त्याला बंदी?

चार दिवसांत गाणं विहिरीवरच्या बायकांच्या तोंडी झालं, आणि देवस्थानचे प्रमुख दाजीसाहेब यांच्या कानावर गेलं. माणूस वाईट नव्हता हो! पण घरात सून सातव्या महिन्यात, आणि स्वभाव भित्रा. त्यांनी ताराऊला बोलावून घेतलं. समजावलं, की सवाष्णींच्या कार्यात रित्या हाताचं नाव नको. कमळ आहे, चंद्र आहे, त्यांच्यावर गा. ताराऊ म्हणाली, कमळ मी कधी पाहिलं नाही, आणि चंद्राचा हात कधी हातात घेतला नाही. मग दाजीसाहेबांनी आवाज चढवला. चौथं कडवं गाळायचं, नाहीतर मान जाईल, म्हणाले.

आता बघा मंडळी. एका पारड्यात घराण्याचा मान. दुसऱ्यात दोन ओळी. तुम्ही काय केलं असतं? — खरं सांगा, देवी ऐकतेय.

ताराऊनं सुपारी थुंकली आणि शांतपणे म्हणाली, "तो हात गावात आहे, म्हणून गाण्यात आहे. तुम्ही गावातनं काढा, मग मी गाण्यातनं काढते."

मान गेला. एका वाक्यानं गेला!

पंचमी उजाडली. दाजीसाहेबांनी तालुक्याहून बांगडीवाला आणला, आणि कमळाचं एक छापील गाणंही आणवलं. देऊळ बायकांनी भरून गेलं. ताराऊ सभामंडपाच्या पायरीवर, पदर खोचून. हात मोकळे, पाटी नाही. तिला कसं वाटलं असेल? लेकीच्या लग्नात आईला मांडवाबाहेर बसवावं तसं वाटलं. पण ती उठून गेली नाही.

बांगडीवाल्यानं काढल्या काचेच्या बांगड्या. हिरव्यागार, महागातल्या! आणि मंडळी, इथे चूक झाली. खैराईची मूठ खड्गावर आवळलेली, आणि मूठ मनगटापेक्षा मोठी. बाईचा हात दाबला की मऊ होतो. दगडाचा होतो का? म्हणून तर त्या गावात लाखेचा चुडा! लाख शेगडीवर तापवायची, चुडा उघडायचा, मनगटावर घालायचा, दाबून मिटवायचा. हे दाजीसाहेबांनी पन्नास वर्षं समोर बसून पाहिलेलं. पण पाहिलेलं कसलं — ते डोळे मिटून बसायचे, भक्तीनं!

पहिली बांगडी चढवली. कट्!

बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. इथे तेही म्हणायची कुणाची छाती होईना. दुसरी चढवली. तीही गेली. बांगडीवाला बिचारा घामाघूम. हात जोडून म्हणाला, हे माझ्याच्यानं होणार नाही. अपशकुन टाळायला दोन ओळी गाळल्या, आणि देवीच्याच पायाशी काचा पडल्या!

दाजीसाहेब पायरीशी आले. खाली मानेनं म्हणाले, की चुडा तेवढा भर, गाण्याचं पुढच्या वर्षी बघू. ताराऊ जागची हलली नाही. गाणं चार हातांचं आहे, म्हणाली, तीन हातांचं मला येत नाही. दाजीसाहेबांनी एकदा काचांकडे पाहिलं, एकदा आपल्या सुनेकडे. मग हळूच म्हणाले, गा.

शेगडी आली. लाख तापली. आता चुडा उघडून धरायचा तर खड्ग आणि मनगट सांभाळायला दुसरं माणूस लागतं. दरवर्षी तिथे एखादी मानाची सवाष्ण असायची. चार जणी पुढेही सरसावल्या. ताराऊनं मान वळवली. मागच्या खांबापाशी रिकामी घागर घेऊन अनसूया उभी होती.

"अनसूये, इकडे ये. मनगट धर."

गलका उठला! दाजीसाहेब पुढे झाले. ही कशी आत येईल, म्हणू लागले. ताराऊच्या दोन्ही हातांत तापलेला चुडा. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"लाख गार होतेय, दाजीसाहेब. काय ते लवकर सांगा."

आणि तेवढ्यात, मंडळी, दाजीसाहेबांची सून उठली. सातव्या महिन्याची, अवघडलेली! अनसूयेच्या हातातली घागर तिनं आपल्या हातात घेतली आणि तिला वाट करून दिली. अनसूया उंबरा ओलांडून आत गेली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिनं खैराईचं मनगट धरलं. पाण्यानं चिरा पडलेली ती बोटं, वर देवीची दगडी मूठ, आणि त्यावर ताराऊचा हात. चुडा मिटला. ताराऊ गायली, चारही हात गायली. चौथ्या कडव्याला तिचा आवाज फाटला, तेव्हा ते देवळातल्या बायकांनी पुरं केलं. कमळाचं छापील गाणं कुणी गुंडाळून नेलं, कुणालाच आठवत नाही.

आता माझ्याकडे बघू नका. आपल्या मागे बघा. — वळा, वळा, मान मोडत नाही! या मंडपातही मागे खांब आहेत, आणि खांबांपाशी बाया बसल्यात. त्यांना तिथे कुणी बसवलं? मी नाही. देवीनं तर नाहीच. तुम्ही मघापासून पदरानं डोळे पुसताय. अनसूयेसाठी रडायला काय जातं, ती दुसऱ्या गावची!

आरतीचं ताट तयार आहे. दर वेळी ते पहिल्या ओळीपासून फिरतं. आज ते पहिल्यांदा त्या खांबापाशी जाईल, आणि पहिली ओवाळणी रित्या हाताची होईल. ज्यांना अपशकुन वाटत असेल त्यांनी खुशाल उठून जावं, चपला बाहेर आहेत. मी थांबतो. मृदंग थांबेल. देवीसुद्धा थांबेल.

ताई, तुम्ही. हो, तुम्हीच, निळ्या लुगड्यातल्या. या पुढे. ताट धरा.