मल्हारीची मोटार अन् उस्तादाचं परसों

...तर मला एवढंच कुणीतरी समजावून सांगा, की दुरुस्ती म्हंजे नेमकं काय असतं? न्हाई, हसू नका, खरंच विचारायलोय. माझ्या समजुतीनं बिघडलेली वस्तू न्यायची अन् चांगली करून आणायची, याला दुरुस्ती म्हणतात. पण आमच्या बोरीच्या मल्हारीनं चांगली चालती मोटार परभणीला दुरुस्तीला नेली, स्वतः चालवत नेली बरं का, अन् चार महिने झाले तरी ती जागची हलंना, अन् विचारायला गेलं की उस्ताद म्हणायचा, "परसों आव पटेल, हो जाता." परसों. आता परसों म्हंजे परवा, असं तुमी-आमी समजतो. पण हैद्राबादी जबानीत परसों म्हंजे मागं होऊन गेलेला कोणताबी दिवस, न्हाईतर पुढं उगवला तर उगवंल असा एखादा दिवस. हे मल्हारीला ठाऊक न्हवतं, अन् सगळा घोटाळा तिथंच झाला.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, न्हाईतर तुमी म्हणाल, मेंढरं राखणाऱ्या माणसाला मोटार कशाला लागती. अख्खी बोरी तेच म्हणत होती. तर ती लागली बायकोपायी. मल्हारीची बायको बानूबाई, चुडाव्याची. मल्हारीला बानू, म्हंजे देवानंच जुळवलेली नावं. म्हाळसा तेवढी घरात न्हवती, ते एक बरं. लग्न झालं त्या साली दोघं जिंतूरच्या सडकेनं कळपामागं चालले होते, अन् मागून दिनकरराव देशमुखाची मोटार आली. मेंढरं पांगली, अन् दोघं डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखले. बानूबाईनं पदरानं तोंड पुसलं अन् म्हणाली, "आत बसल्यावर धूळ लागत नसंल, न्हाई का?" बास, एवढंच. हट्ट न्हाई, रुसवा न्हाई. पुढं अकरा वर्षांत तिनं मोटारीचं नाव काढलं न्हाई, अन् अकरा वर्षांत मल्हारीच्या डोक्यातनं ते बोलणं गेलं न्हाई. असतो एकेक माणूस असा. बोलत काहीच न्हाई, अन् आत सगळं साठवून ठेवतो.

मग झालं काय, देशमुखानं नवी जीप घेतली अन् जुनी मोटार गोठ्यात टाकली, त्यात कोंबड्या बसायला लागल्या. मल्हारी गेला, मुंडासं काढून उभा राहिला, अन् म्हणाला, "मालक, दोन हंगाम तुमच्या रानात मेंढरं बसवतो. खत तुमचं, मोटार माझी." देशमुखाला वाटलं, याचं डोकं फिरलंय. पण मेंढराचं खत काय चीज हाय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत न्हाई. दिली मोटार. देशमुखाच्या डायवरनं महिनाभर कापलेल्या रानात शिकवलं. शिकला बिचारा, पण शीळ घातल्याबिगर त्याला वळण घेता येईना. डावीकडं वळायचं तर एक शीळ, उजवीकडं वळायचं तर दोन, अन् थांबवायचं तर "हुर्र". सवय हो.

अन् हे सगळं बानूबाईच्या माघारी, तिला पत्ता न्हाई. ती गेली होती चुडाव्याला, दसऱ्याच्या आधी, आईचा पाय मोडला म्हणून. दिवाळीपर्यंत आई काठी घेऊन हिंडायली, अन् बानूबाईचा निरोप आला, "आई बरी हाय. न्यायला या." सरळ निरोप. त्याचं उत्तरबी सरळच, की येतो. पण मल्हारीनं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडी काय सांगून धाडलं? "मोटार घेऊन येतो. आपली मोटार."

झालं. चुडाव्यात बातमी पसरायला किती वेळ लागतो? सासरा आश्रुबा, साधा माणूस, त्यानं गल्लीत मोटार शिरावी म्हणून बाभळीच्या फांद्या छाटल्या, भिंतीला चुना दिला, अन् उंबऱ्यापुढचा दगड उकरून बाजूला केला. लेकीला मोटारीत बसवून पाठवायचं म्हणून त्या आश्रुबानं चाळीस वर्षांचा दगड हलवला, बघा.

अन् इकडं मल्हारीच्या ध्यानात आलं की मोटारीचा भोंगा वाजत न्हाई. बाकी सगळं ठीक. इंजिन चालायलंय, चाकं फिरायलीत, फक्त भोंगा मुका. दुसरा असता तर तसाच गेला असता. पण सासुरवाडीला मोटार न्यायची अन् मुक्यानं शिरायचं? मोटार हाय का मांजर? म्हणून तो गेला परभणीला, बन्सीधर मिस्त्रीच्या ग्यारेजात.

आता हा बन्सीधर आपल्या पिंगळीचाच. आई-बाप, आजा-पणजा सगळे मराठी बोलणारे. पण तीन वर्षं हैद्राबादला मोटारीचं काम शिकला अन् येताना मराठी तिथंच ठेवून आला. आईशीसुद्धा दखनीत बोलायचा. का रे बाबा, विचारलं तर म्हणायचा, "गाडीकू मराठी समजती नै." त्यानं घंटाभर तारा जोडल्या, अन् भोंगा असा वाजला की समोरच्या टांग्याचं घोडं उधळलं. मल्हारी खुश. तिथनंच निघाला चुडाव्याला, नवं धोतर नेसून, शेजारच्या गादीवर घडी केलेली नवी घोंगडी अंथरून, तिला बसायला मऊ लागावं म्हणून.

पिंगळीपर्यंत मोटार झकास गेली. पिंगळीच्या पुढं वाटेत शेळ्या आडव्या. मेंढपाळच तो, शीळ घातली असती तर शेळ्या हटल्या असत्या, पण याला हौस, यानं भोंगा दाबला. भोंगा वाजला, काय वाजला... अन् इंजिन बंद. उतरला, दांडा फिरवला, इंजिन चालू. पुन्हा शेळ्या, पुन्हा भोंगा, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा जे बंद पडलं ते कायमचं. तारा कशाला कशा जोडल्या होत्या देव जाणे. मग पिंगळीचे बैल जुंपून मोटार माघारी परभणीला, अन् हा नव्या धोतरात वळवायचं चाक धरून आत बसलेला, शेजारी घोंगडी.

उस्ताद काय म्हणतो? "भोंगा बजा ना?"

"बजला," मल्हारी म्हणतो, "पण इंजिन..."

"तुम भोंगा बोले, मैं भोंगा बनाया. इंजिनका कौन बोला?" अन् वर बिडी पेटवून, "छोडके जाव पटेल. परसों आव, हो जाता."

मल्हारीनं तेच ऐकलं अन् तेच चुडाव्याला कळवलं, की परवा येतो. तिकडं सासूनं काठी टेकत पुरण घातलं, आश्रुबा सकाळपासून वेशीवर. दिवस मावळला. न मोटार, न जावई. पुढल्या बाजारी मल्हारी परभणीला गेला, "परसों आव." पुन्हा निरोप, पुन्हा पुरण. आता तुमीच सांगा, एखाद्या घरात किती वेळा पुरण शिजवायचं? तिसऱ्या वेळी आश्रुबाच्या घरात पिठलं झालं, अन् ते बरोबरच केलं त्यांनी.

अन् उस्ताद हळूहळू दिसेनासाच झाला. मल्हारी गेला की उस्तादाची बायको चतुराबाई दारात, "घरी न्हाईत, हैद्राबादला गेलेत सामान आणायला." अन् तिच्या मागं दुसऱ्या मोटारीखालनं दोन पाय बाहेर आलेले. मल्हारी ते पाय बघायचा. पायाचा अंगठा हलायचा. भांडावं का? धरून ओढावं का? पण आपला मल्हारी भोळा न्हाई, तो गरीब. दोन्हीत फरक हाय. तो त्या पायांपाशी उकिडवा बसून म्हणायचा, "उस्ताद, बायकोला आणायचंय हो." अन् मोटारीखालनं आवाज यायचा, "परसों."

बरं, दर खेपेला मोटारीतनं काहीतरी कमीच व्हायचं. एकदा समोरचं झाकण न्हाई, एकदा दिवे न्हाईत, एकदा तर चारी चाकं न्हाईत, मोटार विटांवर. अहो, त्याच दिवाळीच्या तोंडावर आपला अख्खा जिल्हा हैद्राबाद राज्यातनं निघून मुंबई राज्यात गेला, नद्या, डोंगर, तहसीलदार अन् कोर्टकचेरीसकट, एका रात्रीत, कुणाचा पेला हिंदकळला न्हाई. अन् ही एक मोटार परभणीहून चुडाव्याला जाईना.

तुमी आता विचाराल, आणि मीबी विचारलं त्याला, की येड्या, चुडाव्याला ठेसन हाय. आगगाडीत बसायचं, पूर्णा गेली की चुडावा, तिला घेऊन दिवस मावळायच्या आत परत. काय अवघड हाय? तर म्हणाला, "तिला आता अख्खं गाव मोटारवाल्याची बायको म्हणायलंय. मी आगगाडीनं गेलो तर तिला हसतील. मला हसू दे, तिला नगं."

पण जीव लागंना त्याचा. मेंढरं भावाच्या, रायभानच्या हवाली. स्वतः भाकरी थापायचा, ती अशी व्हायची की कुत्रं हुंगून बाजूला जायचं. खुंटीला बानूबाईची टकळी लटकत होती, अर्ध्या सुताची, तिला हात लावायचा न्हाई, फक्त वाऱ्यानं फिरली की बघत बसायचा. परभणीला गेला की ग्यारेजात त्या विटांवरच्या मोटारीत जाऊन बसायचा, घोंगडीच्या शेजारी, चाक धरून. मग ठेसनावर जायचा, पूर्णेकडची गाडी सुटेपर्यंत उभा, अन् गाडी गेली की चालत बोरीला. तीन बाजार, चार बाजार, आठ बाजार. मी एकदा संगट होतो. गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी हा तिकडंच बघायला. मी म्हटलं, "चल." तर म्हणाला, "आत्ता पूर्णा आली असंल तिला." गाडीला, बरं का. एवढंच म्हणाला.

शेवटी शिमग्याच्या आसपास चुडाव्याहून एक म्हातारा बानूबाईचा निरोप घेऊन आला. निरोप असा, "परवाला किती दिस असतात, तेवढं एकदा विचारून घ्या."

मल्हारीनं ऐकलं, अन् पहिल्यांदा त्याला राग आला. सरळ गेला परभणीला, मीबी मागोमाग. मोटारीखालच्या पायांपाशी बसला न्हाई, उभा राहिला, अन् म्हणाला, "उस्ताद, आज मी हलणार न्हाई." अन् जाऊन बसला विटांवरच्या आपल्या मोटारीत. पाय म्हणाले, "परसों." हा म्हणाला, "बसतो तवर." सकाळ गेली, ऊन चढलं. चतुराबाईनं पाण्याचा तांब्या आणून दिला, बाईला लाज वाटली असंल. अन् दुपार कलायच्या वेळेला सडकेनं कोण आलं? डोक्यावर गठुडं, अंगभर धूळ, ठेसनापासून बन्सीधर मिस्त्रीचं ग्यारेज विचारत विचारत... बानूबाई. एकटी. आगगाडीनं. न्यायला कुणी आलं न्हाई म्हणून स्वतःच निघालेली.

मल्हारी चाक धरून तसाच. उठायचं भान न्हाई. चार महिने ज्या गादीकडं बघत बसला होता, तिच्या दाराशी ती उभी.

ती म्हणाली, "हीच का ती?"

हा म्हणाला, "हीच. भोंग्यासाठी आणली होती. आता भोंगा सोडून सगळंच गेलं."

बानूबाईनं चाकं न्हाईत ते बघितलं, विटा बघितल्या, मग ती घोंगडी बघितली. गठुडं मागं ठेवलं अन् पदर सावरून शेजारी बसली. म्हणाली, "बसायला बरी हाय की."

एवढं ऐकून ते पाय बाहेर आले. पायांना पुढं अख्खा बन्सीधर निघाला, चार महिन्यांनी उजेडात. बाईमाणूस आगगाडीनं आलेलं बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, एकदम मराठी फुटली त्याला. म्हणाला, "वहिनी, भोंगा एकदम पक्का बसवलाय. वाजवून दाखवतो." अन् दाबला.

भोंगा वाजला, अन् थांबंना. बटण सोडलं तरी वाजायला. तार ओढली तरी वाजायला. सगळी सडक गोळा झाली, टांगे थांबले, बन्सीधर पकड घेऊन खाली शिरला अन् बाहेर आला अन् पुन्हा शिरला. अन् मोटारीत बानूबाई दोन्ही कान दाबून हसायली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तिला हसताना बघून मल्हारीचा बांध फुटला. जे बोलायचं म्हणून चार महिने, न्हाई, अकरा वर्षं ठेवलं होतं, ते सगळं त्यानं त्या भोंग्यात बोलून टाकलं. मी नुसते ओठ हलताना बघत होतो. एवढं बोलताना मी त्याला उभ्या जन्मात बघितलं न्हाई. भोंगा थांबला, अन् हाबी थांबला.

तिनं विचारलं, "काय म्हणत होता?"

हा म्हणाला, "काय न्हाई."

मग मी, तो अन् बानूबाई एका ओळखीच्या बैलगाडीनं बोरीला आलो. मोटार आहे तिथंच हाय, विटांवर. पण मला राहवंना. आठ-पंधरा दिवसांनी मल्हारी रानात गेलेला बघून मी बानूबाईला विचारलं, "वहिनी, त्या भोंग्यात तो काय बोलला ते तुला ऐकू आलं का?"

ती पीठ मळत होती. खाली बघून म्हणाली, "सगळं आलं भाऊजी. शब्द न् शब्द. कान दाबले होते, डोळे न्हाई. पण म्हटलं, ऐकू न्हाई आलं असं दाखवावं, म्हंजे घरी आल्यावर पुन्यांदा सांगतील."

"मग? सांगितलं?"

तिनं गोळा हातावर घेतला, थापायला लागली, अन् म्हणाली, "अजून तर न्हाई. पण आता मला तरी कुठं जायचंय."