कोठडीची कॅसेट

सकाळी अकरा वाजता अभिलेखागाराच्या खिडकीपुढे रांग होती. मागे उभ्या शिक्षिकेला पुढच्या दोघांचं बोलणं ऐकू येत होतं: एका दिवंगत पत्रकाराची पत्नी आणि एक निवृत्त पोलीस.

“वहिनी, साहेबांचे कागद दिलेत, ठीक. पण कॅसेटसुद्धा?”

“सगळी खोकी उचलून नेली इथल्या लोकांनी. मी काय उघडून बघत बसू?”

“कोठडीत तो पोरगा कसा मेला, ते मी त्यात सांगितलंय. पहाऱ्यावर मीच होतो.”

“हे कुणाचं नाव कधी लिहीत नसत.”

“ज्याने मारलं तो फौजदार माझ्याच गल्लीत राहतो. त्याला माझा आवाज पुरे. साहेब तर पुसतो म्हणाले होते.”

“सुतळीचा तुकडा फेकला नाही ह्यांनी कधी. कॅसेट कसली पुसतायत.”

“पुढे या, आजी,” खिडकीतला कारकून म्हणाला.

“बाळ, ह्यांच्या कॅसेट मला परत हव्यात.”

“‘कोठडी’ लिहिलेली आत्ता मिळणार नाही. एक गृहस्थ आत ऐकतायत.”

“कोण?”

“ते सांगता येत नाही. मघापासून तीच मागे नेऊन नेऊन ऐकतायत.”