फळ्यापुढची फरशी

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे आजीमाजी विद्यार्थी आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती चित्रकार मुलगी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. या बेटावरच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं, तेव्हा घड्याळाकडे कुणी बघू नये.

चार महिन्यांपूर्वी ही मुलगी होडीतून उतरली आणि थेट बंद शाळेत शिरली. जमिनीवर कागद अंथरायचा, वरून कोळसा घासून फरशीचे ओरखडे कागदावर उठवायचे. ही कसली चित्रकला? मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली. घाण दिसली की सिस्टरांची पट्टी आठवते. एका सकाळी ब्रश घेऊन गेले आणि तिनं फरशीवर खडूनं केलेल्या खुणा लख्ख घासून काढल्या. तिची आठवड्याभराची मापं गेली! ती आली, बघितलं आणि म्हणाली, "बाई, आता तुम्हीच सांगा, कुठे काय होतं." रडली असती तर परवडलं असतं.

मग काय, बसले गुडघ्यांवर. शाळेआधी तिथे साथीचं इस्पितळ होतं, माझी आत्या तिथे नर्स. चार-चार खळगे तिच्या रुग्णांच्या लोखंडी खाटांचे. गोल ओरखडे नंतरच्या गोदामातल्या पिंपांचे. त्यांवरून आमच्या बाकांच्या रेघा. अध्यक्षमहाशय, हसू नका, सगळ्यात खोल रेघ तुमच्या बाकाची. कधी स्वस्थ बसलात?

कागदावर फळ्यापुढे मात्र पांढरा डाग राहिला.

"इथे कोळसा का लागला नाही गं?"

"खोलगट आहे, बाई. इथे कोण उभं राहायचं?"

कोण राहणार? मी उठले आणि त्या खोलगट जागी जाऊन उभी राहिले.

आता कळतंय, सोमवारी त्या फरशीवर चकचकीत टाईल्स बसणार. अध्यक्ष मला म्हणाले, "चित्रं झाली की, बाई. आता फरशीचं काय लोणचं घालायचंय?" फोटो काढला म्हणून माणसाला कुणी पुरतं का? ही मुलगी एक चित्र इथे ठेवून जाते आहे, ते त्याच जागी पसरून, खळगे हातानं चाचपत बघायचं म्हणून. टाईल्सवर तो नुसता मळका कागद.

मुली, तुझी मापं पुसली, त्याची सर्वांसमोर माफी मागते. संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मनावर घेऊ नका. टाईल्सचं तेवढं घ्या. सोमवारी मी फळ्यापुढे उभी असेन. गवंड्याला सांगून ठेवा, आधी बाईंना उचल.