आमच्या बोलीत सांगा
आमच्या काकूनं निजामाच्या साहेबाला भर चावडीत टोकलं होतं, ठाऊक आहे का? निजामाच्याच मुलखातल्या, गोरेगावाकडच्या आमच्या गावात तेव्हा पटकीची साथ होती. साहेब दुसऱ्यांदा आला आणि पहिल्या खेपेसारखाच उर्दूत बोलू लागला. काही न कळताच आम्ही माना डोलावत होतो. तेवढ्यात काकू उठली. आदल्याच दिवशी तिचं लेकरू पटकीनं गेलं होतं.

"साहेब, आमच्या बोलीत सांगा. आमाला समजून न्हाई राहिलं."

साहेब चपापला. मोडक्या मराठीत म्हणाला, "नदीचा पाणी उकळून प्या. मागच्या वेळेला पण हेच सांगितला होता."

काकू तशीच बाहेर पडली आणि दारोदार सांगत फिरली, "बायांनो, पाणी उकळून प्या गं."

शेवटच्या घरी सांगून झालं, तेव्हा कुठं ती रडली.